वजन तेवढंच होतं

फाटकावर जरा जास्त वाकल्याने माणसाची बरगडी मोडते, असं भिंगरीला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

झालं होतं ते एवढंच. सकाळचे साडेदहा वाजले होते, टपालवाटपाच्या बीटवरची निम्मी घरं उरकली होती, आणि सुताराच्या घराचं फाटक आतून कडी लावून बंद होतं. पत्रपेटी आतल्या बाजूला, हात पुरेल न पुरेल अशी. पाकीट जाडजूड, वर मोठ्या अक्षरात ‘घडी घालू नये’ लिहिलेलं. भिंगरी चवड्यांवर उभी राहिली, फाटकाच्या वरच्या लोखंडी पट्टीवर उजवी कूस टेकवली आणि हात लांब केला. पाकीट पेटीत पडलं आणि तेव्हाच कुशीत कट्‌ असं काहीतरी वाजलं. बोटं मोडताना वाजतं तेवढंच.

उसण भरली असेल, असं म्हणून तिने थैली डाव्या खांद्यावर घेतली आणि उरलेला बटवडा पुरा केला. दुसऱ्या दिवशीही केला, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी पोस्टात पत्रं लावता लावता तिला शिंक आली, आणि ती होती तिथेच, फरशीवर बसली. ओरडली वगैरे नाही. पण भिंगरी बसली ही गोष्टच अशी होती की पोस्टमास्तर स्वतः खुर्ची सोडून बाहेर आले.

हे नाव तिला पोस्टातच पडलं होतं. तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा ती उभ्याने प्यायची, पत्रांच्या टेबलाभोवती दोन फेऱ्या मारत. बीट तिला मिळाली ती तिच्या वडिलांची. बाबा एकतीस वर्षं त्याच गल्ल्यांतून चालले होते, आणि आता वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही रोज संध्याकाळी त्यातल्या दोन-तीन गल्ल्या उगाच पालथ्या घालून यायचे. आई गेल्यापासून ते लेकीकडे राहत. लेक, जावई आणि ते, अशी तिघं घरात. जावई वायरमन होता, शांत आणि हळू बोलणारा. सासरे-जावई दोघं मिळून दिवसभरात जेवढं चालत तेवढं ही एकटी चालते, असं तो म्हणायचा.

नोकरी लागली त्याच वर्षी तिचं पोट बिघडलं. आधी वाटलं बाहेरचं खाल्लं असेल. मग दिवसातून दहा-दहा वेळा जावं लागायला लागलं, रक्त पडायला लागलं, अंगात बारीक ताप मुरला. वजन छप्पन्नवरून त्रेचाळीसवर आलं तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. क्रोन्सचा आजार निघाला. आतड्याला सूज येते, ओसरते, पुन्हा येते, आणि हे जन्मभर चालतं. त्या वेळी डॉक्टरांनी तीन महिने स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि जादू झाली. चार दिवसांत भूक लागली, आठवड्यात ती उठून चालायला लागली. मग त्या गोळ्या हळूहळू कमी करून बंद झाल्या, साध्या गोळ्या कायमच्या चालू राहिल्या, आणि भिंगरी पुन्हा बीटवर आली.

त्याला अकरा वर्षं झाली होती; मध्ये एकदा सूज परतली तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा त्याच गोळ्या देऊन उतरवल्या होत्या. बाकीचे टपालवाले गल्ल्या घरांच्या नंबरांवरून ओळखत, ती संडासांवरून ओळखायची. वाचनालयाचा मागचा, स्वच्छ पण अकरानंतर कुलूप. चांभाराच्या दुकानातला, कडी नसलेला; आत असताना गाणं म्हणत राहायचं. शिकवणीवाल्या बाईंचा सगळ्यात बरा, पण बाई बाहेर उभ्या राहून तब्येत विचारतात. दूध तिने पहिल्याच वर्षी सोडलं. एकदा दुधावर पोट बिघडलं होतं, तेवढ्यावरून दूध दोषी ठरलं ते कायमचं. मग फळं गेली, डाळी गेल्या, अंडी गेली. सोडा असं कुणीही सांगितलं नव्हतं. बीटवर असताना पोटाने दगा देऊ नये म्हणून तिने ते सगळं एकेक करून हद्दपार केलं होतं. राहिला मऊ भात आणि भाजलेला पाव.

आणि तरीही वजन भरून आलं होतं. औषधाच्या दुकानाबाहेर वजनकाटा होता, त्यावर ती महिन्यातून एकदा उभी राहायची. छप्पन्न. आजाराआधी होतं तेवढंच. गाल गोल झाले होते, पोट सुटलं होतं. बीटवरच्या बायका म्हणायच्या, “आता कशी छान भरलीस.” तिलाही ते ऐकायला आवडायचं. थैली पूर्वीपेक्षा जड लागते, तिसऱ्या मजल्याच्या आधी थांबावं लागतं, ही गोष्ट ती कुणापाशी बोलत नव्हती. जिन्यात थांबली की हातातल्या पाकिटावरचा पत्ता वाचल्यासारखं करायची.

दुसरी एक गोष्ट तर तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. पोट पुन्हा उठलं की डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे तपासण्या आल्या, रजा आली, आणि बीट दुसऱ्याच्या हातात गेली. त्यापेक्षा त्या जादूच्या गोळ्या बऱ्या. औषधाच्या दुकानदाराला ती रोज टपाल द्यायची. एकदा त्याला म्हणाली, “डॉक्टरांनी तीच गोळी परत चालू केली आहे, चिठ्ठी घरी राहिली.” त्याने विश्वास ठेवला. तिसऱ्या खेपेपासून त्याने विचारणंच सोडलं. गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी ती पळायला लागायची. सुरुवातीला आठवडाभर घ्यायची, मग पंधरा दिवस. या वर्षी बरगडी मोडली तेव्हा सलग आठ आठवडे झाले होते. रोज चार गोळ्या. पाकीट थैलीच्या आतल्या कप्प्यात, रबरांच्या डबीत.

बरगडीचा एक्स-रे ज्यांनी काढला त्यांनी मोडलेली बरगडी पाहून तिला तिच्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, आणि बाईंनी आणखी एक तपासणी लिहून दिली. अरुंद गादीवर निजायचं, आणि एक यंत्र डोक्यापासून पायापर्यंत सावकाश सरकत जातं. हलायचं नाही. दुखत काहीच नाही, पण ते दहा मिनिटं न हलणं भिंगरीला बरगडीपेक्षा जड गेलं. यंत्रवाल्या बाईने दोनदा टोकलं, “पायाची बोटं हलतायत.”

आठवड्याने रिपोर्ट घ्यायला ती बाबांबरोबर गेली. नवरा कामावर होता. डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर एका बाईची आकृती होती, आतून रंगवलेली.

“आजारी पडण्याआधी वजन किती होतं?”

“छप्पन्न.”

“आणि आज?”

“छप्पन्नच आहे,” भिंगरी जराशा अभिमानाने म्हणाली.

“तिथेच आपण सगळे फसलो. मीसुद्धा.” बाईंनी पेन्सिलीने मांडीवरचा भाग दाखवला. “हा लाल भाग म्हणजे स्नायू. तुमच्या वयाला हवा त्याच्या पाऊण पण नाही. हा पिवळा, पोटावरचा, ही चरबी. वजन परत आलं, पण जे गेलं होतं ते परत आलं नाही, त्याच्या जागी हे आलं. काट्याला दोन्ही सारखंच.”

“आणि हाडं?” बाबांनी विचारलं.

“हाडं पातळ झाली आहेत. कमरेच्या मणक्यात जास्त. या आजारात आतली सूज हाडांना खाते, स्नायूंना खाते. त्यात खाणं कमी पडतं. उरलेलं काम स्टिरॉइड करतं.” त्यांनी फाईल उघडली. “स्टिरॉइड एकूण किती वेळा घेतलंत?”

“दोनदा. तुम्ही दिलंत तेव्हाच.”

“दोनदाच?”

“हो.”

बाईंनी तिच्या गोल गालांकडे पाहिलं, मग फाईलकडे. “दोनदा घेऊन एवढं होऊ नये खरं तर,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या तपासण्या लिहायला लागल्या. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

“म्हणजे किती पातळ, डॉक्टर?” त्यांनी थोड्या वेळाने विचारलं.

“सत्तरीच्या माणसाची असतात तशी म्हणा.”

बाईंनी महिनाभराची रजा लिहून दिली. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोज अंडं, थोडं थोडं करून दूध. आणि बरगडी जुळली की व्यायामवाल्या बाईंकडे जाऊन वजन उचलायला शिकायचं. हे शेवटचं ऐकून बाप-लेक दोघं एकदमच बाईंकडे बघायला लागले.

जिना उतरताना बाबा म्हणाले, “चला, घरात म्हातारे आता दोन झाले.”

भिंगरीला हसू आलं, आणि हसल्याबरोबर बरगडीतून कळ गेली. ती कठडा धरून उभी राहिली. बाबा दोन पायऱ्या खाली थांबले, वर न बघता.

घरी नवऱ्याने रिपोर्ट दोनदा वाचला आणि त्याच संध्याकाळी घरातल्या जड वस्तूंची बदली केली. पाण्याची बादली, धुण्याचा टब, मोठं पातेलं, सगळं तिच्या हाताला येणार नाही अशा जागी गेलं. “तू फक्त बसायचं,” तो म्हणाला. डॉक्टरीणबाई वजन उचल म्हणतात हे तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “त्यांच्या घरचं माणूस असतं तर म्हणाल्या असत्या का?”

बसायचं म्हणजे काय करायचं, हे काही भिंगरीला उमगेना. सकाळी सहाला जाग यायची आणि पाय आपोआप चपला शोधायचे. गोळ्या चालूच होत्या, थैलीतून निघून गादीखाली आल्या होत्या, आणि त्या गोळ्यांचा एक गुण असा की माणसाला आतून कुणीतरी सारखं हलवत राहतं. पहिल्या आठवड्यात तिने कपाटं लावली. दुसऱ्यात नवऱ्याची अवजारांची पेटी उपसून सगळे स्क्रू लांबीप्रमाणे वेगवेगळ्या बाटल्यांत भरले. नवरा सकाळी तासभर पेटीत हुडकत बसला आणि उशिरा कामावर गेला. खिडकीतून गल्लीचं टोक दिसायचं. साडेदहा वाजले की ती तिथे उभी. आता वाचनालयापाशी असेन, आता चांभाराकडे. तिच्या जागी आलेला टपालवाला पन्नाशीचा, सावकाश चालणारा गृहस्थ होता, आणि बाबा रोज सकाळी त्याला घरं दाखवायला बरोबर जात होते, याचा तिला विलक्षण राग यायचा.

“तो माझी बीट शिकतोय आणि शिकवताय तुम्ही,” ती म्हणाली.

“लोकांची पत्रं चुकायला नकोत,” बाबा म्हणाले.

त्याच आठवड्यात पोस्टमास्तरांचा फोन आला. फार चांगले होते बिचारे. “परत आलात की आत टेबलावर बसा, वर्गवारीला. थैली नको, जिने नकोत. मी वर कळवतो.” भिंगरीने “बघू” म्हटलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात अशा इतक्या फेऱ्या मारल्या की शेजारीण काय हरवलं म्हणून विचारायला आली.

त्यानंतर दोनच दिवसांनी बाबा दुपारी घरी आले, चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि खिशातून गोळ्यांचं एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“दुकानदाराने दिलं. म्हणाला, मुलीच्या या महिन्याच्या न्यायच्या राहिल्यात.”

भिंगरी पाकिटाकडे बघत राहिली.

“कधीपासून?”

“अधूनमधून.”

“अधूनमधून म्हणजे?”

“तीन वर्षं असेल.”

बाबा खुर्चीत बसले. “त्या बाईंनी तुला दोनदा विचारलं. मी शेजारी बसलो होतो.”

“सांगितलं असतं तर काय झालं असतं? रजेवर घातलं असतं. आता घातलंय ना, बघताय ना तुम्ही? टेबलावर बसवतायत मला.”

“ती बीट काही तुला आंदण दिलेली नाही. पोस्टाची आहे. माझी होती, तुझी झाली, उद्या आणखी कुणाची.”

“तुम्हाला बोलायला काय जातंय?” तिचा आवाज चढला. “तुम्ही एकतीस वर्षं चाललात, पोट धरून कधी चाललात? कुणाच्या दारात उभं राहून कधी विचारावं लागलं, जरा आत जाऊ का म्हणून? ती गोळी घेतली की मला विचारावं लागत नाही. एवढंच हवं होतं मला.”

“नाही विचारावं लागलं,” बाबा म्हणाले. मग उठता उठता, “उद्या बाईंना तू फोन करतेस का मी करू?”

“माझं पोट आहे, माझी हाडं आहेत. तुम्ही यात पडू नका.”

“पडणार.”

भिंगरीने टेबलावरचं पाकीट उचललं, आत जाऊन गादीखालचं उचललं, आणि मोरीपाशी उभं राहून एकेक गोळी फोडून पाण्याबरोबर सोडून दिली. बाबा दारात उभे होते. “झालं समाधान?” ती म्हणाली. “आता कुणाला फोन करायची गरज नाही. सुटल्या गोळ्या.”

बाबांनाही वाटलं, बरं झालं, सुटल्या. दोघांनाही ठाऊक नव्हतं की हीच सगळ्यात मोठी चूक होती.

पहिला दिवस काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे सांधे धरले, ताप उतरल्यावर असतं तसं अंग गळून गेलं. जेवणाकडे बघवेना. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, झोप झाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दोनदा उलटी झाली आणि उठून उभं राहिलं की डोळ्यांसमोर अंधारी यायला लागली. तिने ठरवून टाकलं की हे सगळं घरात बसून बसून होतंय. मी चालले की बरी होते. आणि चालायचंच तर पोस्टात जाऊन मास्तरांना तोंडावर सांगून येऊ की टेबल नको.

नेहमी बारा मिनिटं लागायची त्या वाटेला तिला अर्ध्या तासाच्या वर लागला. दिव्याच्या प्रत्येक खांबाला हात लावत ती पोस्टात पोचली. तिला मास्तर दिसले, त्यांनी खुर्ची पुढे केलेली दिसली. “बसायला नाही आले,” एवढं ती बोलली आणि पार्सलांच्या खिडकीपाशी आडवी झाली.

तिला उचललं ते तिच्या जागेवर आलेल्या त्या सावकाश टपालवाल्याने. दवाखान्यात नेईपर्यंत बाबा आणि नवरा दोघंही धावत पोचले होते. रक्तदाब इतका खाली होता की तपासणाऱ्या डॉक्टरने यंत्र बदलून पाहिलं.

“औषधं कोणती चालू आहेत?”

नवऱ्याने साध्या गोळ्यांची नावं सांगितली, कॅल्शियम सांगितलं, चुकायला नको म्हणून सावकाश, मोजून.

“आणि स्टिरॉइड,” बाबा मागून म्हणाले. “तीन दिवसांपूर्वी बंद केलं. एकदम. माझ्यासमोर.”

नवऱ्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“रोज किती? किती दिवस?” डॉक्टरची लगबग एकदम वाढली होती. बाबांना ते माहीत नव्हतं.

“चार गोळ्या,” भिंगरी खाटेवरून म्हणाली. डोळे मिटलेले होते. “पाच मिलिग्रॅमच्या चार, म्हणजे वीस. बारा आठवडे.”

लगेच सुई आली, सलाईन आलं. दुसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसू शकत होती तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. भिंगरीने सगळं सांगितलं, चिठ्ठी घरी राहिल्याच्या थापेपासून. बाई उभ्या उभ्या ऐकत राहिल्या.

“तुम्ही रागवायला हवं होतं,” शेवटी भिंगरीच म्हणाली.

“रागावून हाडं भरत असती तर रागावले असते.” बाई खाटेच्या कडेवर टेकल्या. “शरीर स्वतः रोज थोडं स्टिरॉइड बनवत असतं. बाहेरून इतके दिवस मिळालं की बनवायचं विसरतं. एकदम तोडलंत म्हणून शरीराकडे स्वतःचंही नव्हतं. आता परत चालू करून हळूहळू उतरवायचं, चार-पाच महिने लागतील. आणि सुजेसाठी दुसरं औषध आहे, दर आठ आठवड्यांनी शिरेतून घ्यायचं. खुर्चीत दोन तास बसून.”

“ते आधी का नाही दिलं?”

“कारण तुमच्या फाईलप्रमाणे तुम्ही बऱ्या होतात,” बाई म्हणाल्या. “खरं सांगितलं असतंत तर तीन वर्षांपूर्वीच दिलं असतं.”

बाईंनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. त्या गेल्यावर भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तीन वर्षं. त्या तीन वर्षांत किती हाड गेलं असेल, याचा हिशेब करायचा नाही असं तिने किती वेळा ठरवलं तरी तो होतच राहिला.

नवरा दोन दिवस कामापुरतंच बोलला. घरी यायच्या दिवशी कपड्यांची पिशवी भरता भरता म्हणाला, “एका टेबलावर जेवतो आपण रोज.” तिने पिशवीचं दुसरं टोक धरलं, आणि त्याने ते तिच्या हातातून सोडवून घेतलं नाही.

पुढचं वर्ष काही सोपं गेलं नाही. गोळ्या उतरवताना दर महिन्याला आठवडाभर अंग मोडून यायचं. औषधाच्या खुर्चीत दोन तास बसायचं म्हणजे शिक्षा होती. नर्सने तिला बजावलं होतं की सुई निघाली तर पुन्हा टोचणार मीच. दूध तिने चमच्याने सुरू केलं, मग अर्धी वाटी, मग पेला. पोटाला काहीच झालं नाही. अकरा वर्षं उगाच सोडलं, हे कळल्यावर तिला आनंद व्हायच्या ऐवजी चीडच आली. व्यायामवाल्या बाईंनी आधी नुसतं खुर्चीतून उठायला लावलं, हात न टेकता, दहा वेळा. सहाव्या वेळेला तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. रोज दहा-दहा मैल चालणारी मी, ती म्हणाली. बाई म्हणाल्या, “चालणं वेगळं, ताकद वेगळी. हाडाला भार लागतो, नाहीतर त्याला वाटतं आपली गरज उरली नाही.” सहा महिन्यांनी तिने जमिनीवरून आठ किलोचं वजन उचललं. नवरा बघायला आला होता. उचलेपर्यंत त्याने डोळे मिटून घेतले होते, आणि खाली ठेवल्यावर विचारलं, “झालं?”

पोस्टात बीटचे दोन भाग झाले. सपाट गल्ल्यांचा तिच्याकडे, पार्सलांना ढकलगाडी, बारापर्यंत. पुढे टेबल. चढाच्या गल्ल्या, वाचनालय, शिकवणीवाल्या बाई, सगळं त्या दुसऱ्या टपालवाल्याकडे गेलं, कायमचं. कागदावर सही करताना तिचा हात थांबला होता. मास्तर दुसरीकडे बघत बसले, आणि मग तिने सही केली. टेबलावर बसायला तिला अजूनही जमत नाही. ती उभ्यानेच वर्गवारी करते, आणि मास्तरांनी टेबलाच्या पायांखाली विटा लावून ते उंच करून दिलं आहे.

वर्षाने पुन्हा ती गादी, ते यंत्र. वजन पंचावन्न. लाल भाग दीड किलोने वाढला होता, पिवळा उतरला होता. हाडं होती तिथेच, मणक्यात किंचित बरी.

“किंचित?” भिंगरी म्हणाली. एवढं सगळं करून तिला जास्त हवं होतं.

“घसरण थांबली आहे. या आजारात ही मोठी बातमी असते,” बाई म्हणाल्या. “भरायला वर्षं लागतात. पुन्हा सूज आली तर मात्र लगेच कळायला हवं मला. लगेच.”

तसं झालं तीन महिन्यांनी. एका मंगळवारी, बटवडा संपवून घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं की पोटात उजवीकडे, खाली, तेच जुनं दुखणं आहे. सोमवारी चार वेळा जावं लागलं होतं, आज दुपारपर्यंत तीन. कदाचित काही नसेल. पुढचं शिरेतलं औषध अजून तीन आठवडे लांब होतं. ढकलगाडीचा भाग सोडावा लागला तर मग काय उरतं, हा विचार आला आणि तिने हात पुसून घेतले. मग फोन लावला.

“डॉक्टर तपासणीत आहेत,” पलीकडची मुलगी म्हणाली. “निरोप सांगा.”

“सांगा की दोन दिवसांपासून दुखतंय. काल चार वेळा, आज तीन वेळा. रक्त नाही. आणि सांगा की मी कुठलीही गोळी घेतलेली नाही.”

“तासाभरात फोन करतील.”

ती खिडकीपाशी गेली, परत आली. स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून तिला चार फेऱ्या घालताना पाहिलं.

“बस की जरा.”

“बसवत नाही.”

“मग उभी राहा. पण फोनच्या जवळ उभी राहा.”

ती भिंतीला टेकून फोनपाशी उभी राहिली. सगळं बोलायचंय ते मनात एकदा लावून पाहिलं, सोमवारपासूनचं. मग आठवलं की खरी सुरुवात रविवारी संध्याकाळी झाली होती, जेवण टाकलं होतं तेव्हा, आणि ते तिने निरोपात सांगितलेलंच नाही. पाऊण तासाने फोन वाजला. तिने पहिल्याच घंटेला उचलला आणि रविवारपासून सांगायला सुरुवात केली.